हळुवार सूर जपणारा कंप्रेसर : मंडळाच्या मंचासाठी दोन चॅनेलचे यंत्र निवडताना

परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे सांगीतिक कार्यक्रम बहुधा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात. गायक हौशी असतात आणि मिक्सरसमोर बसलेला स्वयंसेवकही हौशीच असतो. महिनोन्‌महिने तालीम करून बसवलेले नाट्यपद सुरू होते. मंद्रातील पहिली ओळ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. तोच गायक तार षड्जाला जातो तेव्हा पुढच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळी कानांवर हात ठेवतात. यात मायक्रोफोन धरण्याच्या सवयीची भर पडते. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ढोबळमानाने ६ डेसिबलने घटते. म्हणजे पाच सेंटिमीटरवर धरलेला मायक्रोफोन गाता गाता वीस सेंटिमीटरवर गेला, तर सुमारे १२ डेसिबलचा फरक पडतो. स्वयंसेवकाचा हात फेडरवर कितीही तत्पर असला, तरी प्रत्येक हरकतीमागे तो धावू शकत नाही.

अशा अनुभवानंतर कार्यकारिणीच्या बैठकीत दोन चॅनेलचा कंप्रेसर आणि गेट विकत घेण्याचा प्रस्ताव येतो. प्रस्ताव योग्य असतो. मात्र या पेटीतील दोन यंत्रणा गायनावर अगदी भिन्न परिणाम करतात, हे खरेदीपूर्वी समजून घ्यायला हवे.

कंप्रेसर काय करतो

कंप्रेसर ठरवून दिलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज प्रमाणात आवरतो. या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात आणि आवरण्याच्या प्रमाणाला रेशो. रेशो ४:१ असेल आणि आवाज थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो केवळ ३ डेसिबल वर असतो. म्हणजे ९ डेसिबलची कपात झाली. रेशो २:१ ठेवला, तर हीच कपात ६ डेसिबल होते. अटॅक म्हणजे कपात किती लवकर लागू व्हावी आणि रिलीज म्हणजे ती किती सावकाश सुटावी, याचे नियंत्रण.

कंप्रेसर हळू आवाज आपणहून मोठा करीत नाही. मोठा आवाज आवरल्यानंतर एकूण पातळी वाढवण्यासाठी आउटपुट गेनचे बटण असते. मंचावर धोका तिथेच असतो. गायक थांबला की कपात शून्यावर येते, पण वाढवलेला गेन तसाच राहतो. ६ डेसिबल गेन वाढवला, तर मायक्रोफोनची शिट्टी सुरू होण्यापूर्वीची सुरक्षित मोकळीक तेवढ्याच ६ डेसिबलने कमी होते. ‘कंप्रेसर लावल्यापासून माईक जास्त शिट्ट्या मारतो’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

गेट आणि आपले गायन

गेटचे काम याउलट आहे. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गेट तो बंद करतो. एकाच वेळी उघड्या असलेल्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते. त्यामुळे वापरात नसलेला मायक्रोफोन मिटून ठेवणे उपयुक्त असते. निवेदक वा वक्त्याच्या मायक्रोफोनवर गेट चांगले काम करतो.

आपल्या गायनात मात्र शांत जागा रिकाम्या नसतात. आलापाची सुरुवात, मींडेचा विरत जाणारा शेवट, मंद्रातील न्यास या सर्व गोष्टी गेटच्या दृष्टीने ‘खालच्या पातळीचा आवाज’च असतात. गायकाशेजारच्या संवादिनीचा आणि तबल्याचा ध्वनीही त्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. कधी त्या ध्वनीने गेट नको तेव्हा उघडतो, तर कधी शब्दाचे शेवटचे अक्षर गिळून मिटतो. म्हणून गायनासाठी पूर्ण बंद होणाऱ्या गेटपेक्षा आवाज थोडासाच खाली नेणारा एक्स्पांडर बरा. दोन्ही पर्याय देणारे आणि ही यंत्रणा पूर्णपणे बाजूला ठेवू देणारे यंत्रच घ्यावे.

निवड कशी करावी

पहिला प्रश्न असा, की हे यंत्र हवेच आहे का? मंडळाकडे डिजिटल मिक्सर असेल, तर उत्तर बहुधा नकारार्थी आहे. बेहरिंगर एक्सआर१८ किंवा साउंडक्राफ्ट यूआय२४आर यांसारख्या मिक्सरमध्ये मायक्रोफोनच्या प्रत्येक चॅनेलवर कंप्रेसर आणि गेट अंगभूत असतात. वेगळी पेटी अॅनालॉग मिक्सर वापरणाऱ्यांसाठी आहे.

दुसरा प्रश्न जोडणीचा. या पेट्यांना मायक्रोफोन थेट जोडता येत नाही, कारण त्यांत मायक्रोफोनचा दुर्बळ संकेत वाढवणारा प्रीअँप सहसा नसतो. मिक्सरच्या त्या त्या चॅनेलवर इन्सर्टचे छिद्र असावे लागते आणि त्यासाठी एका टोकाला एक व दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेली इन्सर्ट केबल घ्यावी लागते. अनेक लहान मिक्सरवर हे छिद्र नसतेच. यंत्र मागवण्यापूर्वी मिक्सर तपासावा.

तिसरा प्रश्न दोन्ही चॅनेलच्या स्वातंत्र्याचा. एफएमआर ऑडिओचा आरएनसी १७७३ नावाजलेला आहे, पण तो स्टीरिओ कंप्रेसर आहे. नियंत्रणांचा एकच संच दोन्ही बाजूंना लागू होतो आणि त्यात गेट नाही. दोन वेगळ्या गायकांसाठी तो उपयोगाचा नाही. परवडणाऱ्या यंत्रांपैकी डीबीएक्स २६६एक्सएस दोन स्वतंत्र चॅनेल, एक्स्पांडर-गेट आणि थ्रेशोल्डपाशी हळुवारपणे काम सुरू करणारी ‘ओव्हरइझी’ पद्धत देतो. डीबीएक्स १६६एक्सएसमध्ये शिवाय लिमिटर आहे. बेहरिंगर एमडीएक्स २६०० मध्ये लिमिटरसह ‘स’ आणि ‘श’ यांचा बोचरेपणा कमी करणारा डी-एसरही आहे. मात्र नियंत्रणे जितकी अधिक, तितक्या नवख्या हाताच्या चुकाही अधिक. स्वयंसेवक दर वर्षी बदलत असेल, तर साधे यंत्र अधिक हिताचे. कपात किती डेसिबल होते हे दाखवणारी दिव्यांची ओळ प्रत्येक चॅनेलवर असावी आणि एका बटणाने यंत्र बाजूला करता यावे. पुढेमागे ते भारतात नेण्याचा विचार असेल, तर कोणत्या विद्युतदाबावर ते चालते हेही पाहावे.

मांडणी आणि पहिली जुळवणी

ही पेटी सर्व आवाज एकत्र झालेल्या मुख्य आउटपुटवर लावण्याचा मोह टाळावा. तिथे एका गायकाचा जोर वाढला की दुसरा गायक आणि वाद्येही दबली जातात. दोन मुख्य गायकांच्या चॅनेलवर एकेक बाजू जोडावी आणि दोन्ही बाजूंना एकत्र बांधणारे स्टीरिओ लिंकचे बटण बंद असल्याची खात्री करावी.

सुरुवातीला रेशो २:१ ते ३:१, अटॅक १० ते २० मिलिसेकंद आणि रिलीज १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा. गायकाला सर्वांत जोरकस ओळ गायला सांगून, कपात दाखवणारे दिवे ४ ते ६ डेसिबलपर्यंत जातील अशा बेताने थ्रेशोल्ड खाली आणावा. साध्या ओळीला दिवे जेमतेम लुकलुकावेत. आउटपुट गेन प्रथम शून्यावरच ठेवावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. इन्सर्टवर दाबलेला आवाज बहुतेक मिक्सरमध्ये गायकासमोरच्या मॉनिटरलाही जातो. आपला जोर आपल्याच कानी पडला नाही, की गायक नकळत अधिक ताण देऊ लागतो. कपात सौम्य ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

ध्वनिचाचणीच्या वेळी आपण नेहमी गायकाला मोठ्याने गायला सांगतो. जोरकस ओळ झाली की त्याला सर्वांत हळुवार जागाही गाऊन दाखवायला सांगावे आणि शेवटच्या रांगेत उभे राहून ती ऐकावी. तिचा शेवट जरासा जरी तुटला, तर त्या संध्याकाळी गेट बंद ठेवावा. थोडी खरखर रसिक सहज विसरतात. तुटलेला सूर मात्र गाणाऱ्याला परत मिळत नाही.