वचन सहा टक्क्यांचे

राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते उद्दिष्ट स्वीकारले; २०२० च्या धोरणाने त्याचाच पुनरुच्चार केला. वचन मात्र अपुरेच राहिले. दारिद्र्यामुळे शिक्षणास पैसा नाही आणि शिक्षणाअभावी दारिद्र्य हटत नाही, हे दुष्टचक्र कोठे तरी भेदलेच पाहिजे. रयतेच्या करांचा लाभ वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणास होतो, हे जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे बजावले होते. भरमसाट शुल्क देऊन मुलांची सोय लावणाऱ्या आम्हां पांढरपेशांनी सरकारी शाळेची चिंता सोडली, हेही या उपेक्षेचे एक कारण होय. शाळेवरील खर्च हा दानधर्म नव्हे. ते राष्ट्राचे भांडवल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.