भाड्याचे घर आणि मनीची नखे

घरात मांजर आली की उंदरांची काळजी मिटते. पण दारे-खिडक्या दुसऱ्याच्या असल्या की नवी काळजी सुरू होते!

घाटंजीतले आमचे घर भाड्याचे. मनी आणि तिची लेक चिंगी यांनी सागवानी दारावर नखांनी रेघोट्या ओढल्या. घरमालकीणबाई कडाडल्या, "मांजरं पाळा, नाही कोन म्हनते? पन माह्या दाराले पुन्हा नख लागलं, तर घर खाली करा!"

अमेरिकेतली धाकटी नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, ऑपरेशन करून नखंच काढून टाका. इकडे कितीतरी जण करतात." खोटे कशाला सांगू, क्षणभर मोह झाला.

पण गुरांच्या डॉक्टरांना विचारले आणि अंगावर काटा आला. मांजरीचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ते कायमचे काढायचे तर हाडच छाटावे लागते. म्हणजे आपल्या बोटाचे शेवटचे पेर तोडण्यासारखेच! पुढे कित्येक मांजरींचे पाय दुखत राहतात. काही चावऱ्या होतात. कुत्रा मागे लागला, तर बिचारीने झाडावर चढायचे कशाने? आपल्याकडे १९६० च्या कायद्याने जनावराचा अवयव असा छाटणे गुन्हा आहे. न्यूयॉर्क राज्यानेही २०१९ मध्ये या ऑपरेशनवर बंदी घातली.

मग दार कसे वाचवायचे? मांजर खोडसाळपणाने ओरबाडत नाही. नखावरचे जुने टरफल काढायला, अंग ताणायला आणि पंजाचा वास लावून 'ही जागा माझी' असे सांगायला तिला ते लागतेच. म्हणून तिला तिची जागा द्या. तीन फूट उंच लाकडी खुंट जड पाटावर पक्का ठोका, त्याला काथ्याचा दोर किंवा बारदान घट्ट गुंडाळा आणि ती जिथे ओरबाडते तिथेच ठेवा. खुंट हलता कामा नये. हलला की ती पुन्हा दाराकडे वळते. दाराच्या खालच्या भागावर काही दिवस गुळगुळीत प्लॅस्टिक लावा. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोके कापा. आतल्या गुलाबी भागात रक्त असते, त्याला कात्री लावू नका. आणि मारू तर मुळीच नका.

आम्ही सुतार बोलावून स्वखर्चाने दार घासून पॉलिश करून दिले. आता बाई येतात, आधी दार न्याहाळतात, मग खुंटाशी झटणाऱ्या चिंगीला पाहून हसतात. घर राहिले, आणि मांजरींची बोटेही!