क्लासची फी भरण्याआधी घरच्या दूध बिलावर शिकून बघा प्रोग्रॅमिंग

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर कॉम्प्युटर क्लासचे फ्लेक्स झळकतात. ‘कोडिंग शिका, नोकरी पक्की’ असं वाचून पोरगं घरी हट्ट धरतं. मग कुठं उसनवारी करून, कुठं एखादी शेळी विकून फी भरली जाते. दोन महिन्यांनी कळतं की मुलाला यात गोडीच नाही, किंवा क्लासमध्ये नुसतं वहीत लिहून घेतात.

हे टाळता येतं. प्रोग्रॅमिंगचा पहिला महिना घरबसल्या, फी न भरता शिकता येतो. तेवढं केलं की पुढं क्लास लावायचा का आणि कोणता, हे ठरवणं सोपं जातं.

प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं काय?

दहा दिवसांचं दूध बिल घ्या. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, त्यांची बेरीज, गुणिले दर, वजा पेंडीचे पैसे. हाच हिशोब कॉम्प्युटरला एकेक पायरी करून सांगायचा, यालाच प्रोग्रॅम म्हणतात.

यात चार गोष्टी येतात. लिटरचा आकडा ज्या नावाखाली साठवतो तो ‘व्हेरिएबल’. ‘फॅट कमी असेल तर कमी दर लाव’ ही झाली अट. दहाही दिवस तेच काम पुन्हा करायला लावणं म्हणजे ‘लूप’. आणि एकदा लिहिलेला हिशोब नाव देऊन कुठंही वापरणं म्हणजे ‘फंक्शन’. भाषा कोणतीही असो, सुरुवात या चार गोष्टींवरच होते.

पहिली भाषा कोणती?

नवख्यासाठी पायथॉन सोयीची. ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली आणि 1991 मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. ती मोफत आहे. ‘पायथॉन डॉट ओआरजी’ या साइटवरून ती विंडोज कॉम्प्युटरवर उतरवून घेता येते. इन्स्टॉल करताना ‘ॲड पायथॉन टू पाथ’ असा चौकोन दिसला तर त्यावर टिक करावी, म्हणजे पुढं अडचण येत नाही. सोबत ‘आयडल’ नावाची खिडकी मिळते, तिथंच प्रोग्रॅम लिहायचा आणि चालवून बघायचा.

इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. सुरुवातीला पंचवीस-तीस इंग्रजी शब्द ओळखता आले तरी काम भागतं. स्क्रीनवर दिसणारा मजकूर मराठीत ठेवता येतो.

सहा अधिक पाच, पासष्ट!

बहुतेक नवखी मुलं इथं अडखळतात. सकाळी 6 लिटर, संध्याकाळी 5 लिटर टाकलं, बेरीज केली आणि उत्तर आलं 65. कारण टाइप केलेला आकडा कॉम्प्युटर आधी अक्षर म्हणून घेतो आणि दोन अक्षरं शेजारी शेजारी चिकटवतो. ‘हे अक्षर नाही, संख्या आहे’ असं त्याला सांगावं लागतं. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘फ्लोट’ हा शब्द वापरतात. मग उत्तर 11 येतं.

दुसरी गंमत मराठी आकड्यांची. पायथॉनमध्ये मराठी आकडे टाइप केले तरी संख्येत रूपांतर होतं. वेब पेजच्या जावास्क्रिप्ट भाषेत मात्र ते आपोआप होत नाही, ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर मिळतं. मोबाईलवर मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी पेज बनवताना हे आधीच ध्यानात ठेवावं लागतं.

प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे तपासायला कागदावरचं बिल हाताशी ठेवावं. समजा रोज 11 लिटर आणि दर 30 रुपये. दहा दिवसांचे 3,300 होतात. पेंडीचे 1,200 वजा जाता हातात 2,100 यायला हवेत. स्क्रीनवर दुसरंच काही आलं, तर चूक शोधायची. चूक शोधता येणं हीच या कामातली खरी विद्या.

डेस्कटॉप की वेब?

डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणजे एका कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम. पायथॉनसोबत येणाऱ्या ‘टीकिंटर’ने आकडे टाकायचे रकाने, ‘हिशोब करा’ असं बटण आणि खाली उत्तर अशी खिडकी बनवता येते. माहिती साठवायला ‘एसक्यूलाइट’ही सोबतच असतं. नेट गेलं तरी काम चालू राहतं. पण कॉम्प्युटर बिघडला तर सगळा हिशोब जाऊ शकतो, म्हणून पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत हवीच.

वेब ॲप्लिकेशन मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. त्याला तीन गोष्टी लागतात. पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये आणि हिशोब जावास्क्रिप्टमध्ये. असं साधं पान ‘गिटहब पेजेस’वर फुकट ठेवता येतं आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवता येते.

मात्र ते पान जगात कुणालाही दिसतं. त्यात गावातल्या लोकांची नावं, मोबाईल नंबर, बँक खाती टाकू नयेत. सगळ्या सभासदांच्या नोंदी साठवायच्या तर सर्व्हर, डेटाबेस आणि पासवर्डची व्यवस्था लागते. ती पुढची पायरी, पहिल्या महिन्यातली नाही.

घरात फक्त मोबाईल असेल तर?

अँड्रॉइडवर ‘पायड्रॉइड 3’सारखं ॲप घेऊन पायथॉनचा सराव करता येतो. वरच्या चार गोष्टी शिकायला तेवढं पुरतं. पण पुढं कॉम्प्युटर लागतोच, कारण मोठा प्रोग्रॅम छोट्या कीबोर्डवर लिहिणं जिकिरीचं होतं. त्यासाठी नवा, महागडा लॅपटॉप नको. शिकण्यापुरतं काम जुन्या लॅपटॉपवरही होतं.

फुकट कुठं शिकायचं?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात छोटे व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात मिळतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत बघता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क पडतं. वेबसाठी ‘फ्रीकोडकॅम्प’ मोफत आहे, पण त्यातले धडे इंग्रजीत आहेत.

एमएस-सीआयटी केलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यात मुख्यतः कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. प्रोग्रॅमिंग हा वेगळा विषय आहे.

क्लास लावायचाच असेल तर हे विचारा

- रोज प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर किती वेळ मिळणार? एका मशीनवर किती मुलं?
- मागच्या बॅचच्या मुलांनी बनवलेलं ॲप दाखवता का?
- मध्येच सोडलं तर किती फी परत मिळेल? ते पावतीवर लिहून देता का?
- ‘नोकरी पक्की’ म्हणजे नेमकं काय? तेही लेखी मिळेल का?

उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे भरायची घाई नको.

दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात पाया तयार होतो, लगेच नोकरी लागेल असं नाही. पण एका महिन्यात मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेला दूध बिलाचा प्रोग्रॅम चालवून दाखवला आणि त्याचं उत्तर डेअरीच्या बिलाशी रुपयान् रुपया जुळलं, तर पुढच्या शिक्षणावर पैसे खर्च करायला घरच्यांना आधार मिळतो. आणि महिनाभरात मन रमलंच नाही, तर निदान फीचे पैसे तरी वाचतात.