दोन गळ, एक शार्क

"जुन्या व्हिडिओ गेमवर काहीतरी दे," एवढंच संपादक म्हणाले होते. शोधता शोधता मी अडकलो 'फिशिंग डर्बी'पाशी. १९८० सालचा, अटारी २६०० या यंत्रासाठीचा खेळ. लॅपटॉपवर त्या यंत्राची नक्कल करणारा इम्युलेटर चढवला आणि समोर चौदा वर्षांच्या भाच्याला बसवलं. पडद्याकडे बघून तो म्हणाला, "मामा, हे अजून लोड होतंय का?"

नाही रे बाबा, एवढंच आहे.

इतिहास थोडक्यात. गेम लिहिणाऱ्यांची नावं अटारी कंपनी खोक्यावर छापत नसे. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे त्या रागाने बाहेर पडले आणि जिम लेव्हींबरोबर १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. 'फिशिंग डर्बी' क्रेनचा, कंपनीच्या अगदी पहिल्या खेपेतला. १९८२ च्या 'पिटफॉल'ने क्रेनचं नाव गाजलं, पण माझं मन बसलं ते या तळ्यावरच.

तळ्याच्या दोन काठांना दोघे गळ टाकून बसलेले. पाण्यात माशांच्या सहा ओळी. वरच्या दोन ओळींतला मासा २ पौंडांचा, मधल्या दोनांतला ४ चा, तळाच्या दोनांतला ६ चा. ज्याचे आधी ९९ पौंड भरतील तो जिंकला. मासा लागला की तो आपोआप सावकाश वर येतो. बटण दाबलं तर भराभर. आणि पृष्ठभागाखाली, नेमकी सगळ्यांच्या वाटेत, एक शार्क येरझाऱ्या घालत असते. रिकाम्या गळाकडे ती ढुंकूनही बघत नाही. गळाला मासा असला आणि तिच्या तोंडाशी आला, की गेला. मालवणात मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण मिटक्या मारत खाणारा मी. इथे सगळा हिशेब उलटा.

पैसा नाही, आमिष नाही, होडीत इंधन नाही. जपून वापरायची गोष्ट एकच, वेळ. नुसते ६ चे धरले तर १७ माशांत काम होतं, नुसते २ चे धरले तर ५० लागतात. पण तळाशी जायचं म्हणजे गळ लांब सोडा, तेवढाच परत आणा, आणि प्रत्येक फेरीला शार्कच्या दारावरून जा. शिवाय एक आडमुठा नियम आहे: दोघांनाही मासा लागला असेल, तर भराभर ओढायचा हक्क ज्याला आधी लागला त्याचा. दुसऱ्याने बटण कितीही बडवावं. भाच्याने हे दहा मिनिटांत ओळखलं. माझ्याआधी मासा लावायचा आणि बटणाला हातच लावायचा नाही. त्याचा मासा डुलत डुलत वर येतोय, माझा सहा पौंडी शार्ककडे निघालाय, आणि मी हात चोळत बसलोय. असला आतल्या गाठीचा मुलगा आमच्या घराण्यात कुठून आला कोण जाणे.

या खेळाच्या काटकसरीची मुळं यंत्रातच आहेत. अटारी २६०० ची कामाची मेमरी १२८ बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या देवनागरीत तेवढ्यात जेमतेम ४२ चिन्हं बसतात. या लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा मावणार नाही. अख्खं चित्र साठवून ठेवायला तर जागाच नाही. त्या काळच्या टीव्हीचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ आखत जाई, तेव्हा या ओळीत काय काढायचं हे प्रोग्रामने त्या त्या क्षणी सांगायचं. एका ओळीला प्रोसेसरच्या ७६ ठोक्यांचा अवधी. चित्राच्या चिपकडे हलत्या आकृत्या दोनच, बरोबर दोन 'क्षेपणास्त्रं' आणि एक 'चेंडू' म्हणून बारीक ठिपके. एवढ्यात दोन माणसं, दोन दोऱ्या, सहा मासे, एक शार्क! मासे एकाखाली एक ओळींत का पोहतात, ते इथे उलगडतं: वरची ओळ काढून झाली की तीच आकृती खाली पुन्हा वापरता येते. शिस्त माशांची नाही, चिपची आहे.

आता माझी फजिती. ९६ वर होतो, भाचा ९४ वर. घाईघाईत वरचाच २ पौंडी धरला. झाले ९८. इथले सगळे मासे सम वजनाचे आणि लक्ष्य विषम, म्हणजे एका पौंडासाठी अख्खा मासा आणखी हवा. तेवढ्यात त्याने तळाचा सहा पौंडी शार्कच्या शेपटीमागून काढला.

तुम्ही खेळायला बसलात आणि ९६ वर आलात, तर वरच्या दोन ओळींना हात लावू नका. मधल्या ओळीतला धरा.