‘कॉन्झर्व्हेटरी’ : एका शब्दाचे दोन अर्थ

एकाच शब्दानें कांचेच्या घरांतील फुलबागहि समजावी आणि संगीताचें विद्यालयहि समजावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. लंडनमध्यें ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हटलें, कीं बहुधा घराला लागून असलेली, झाडांनीं सजविलेली कांचेची खोली डोळ्यांपुढें येते. पॅरिसमध्यें त्याच शब्दाचें फ्रेंच रूप ऐकिलें, कीं गायन-वादनाची शाळा आठवते. मूळ मात्र एकच. ‘राखणें, जतन करणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून दोन्ही निघाले. जतन कोणाचें करावयाचें, एवढाच काय तो भेद.

इटलींतील नेपल्स शहरीं सोळाव्या शतकांत जतन करावयाचीं होतीं तीं निराधार मुलें. त्यांच्या आश्रमांना ‘कॉन्सर्वातोरिओ’ म्हणत. अशा चार आश्रमांनीं पुढें संगीताचें शिक्षण सुरू केलें. त्यांत केवळ कलाप्रेम नव्हतें. मुलें मिरवणुकींत व प्रेतयात्रेंत गात आणि त्या मोबदल्याचा आश्रमाच्या खर्चास हातभार लागे. १७७० सालीं चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतपंडितानें सांत’ ओनोफ्रिओ हा त्यांपैकीं एक आश्रम पाहिला. एकाच दालनांत अनेक विद्यार्थी निजावयाच्या खाटांवर बसून निरनिराळे धडे एकाच वेळीं वाजवीत होते. आवाजाची कोवळीक टिकावी म्हणून बालपणींच ज्यांना खच्ची केलेलें असे, असे मुलगेहि या आश्रमांत शिकत. मुलांच्या रक्षणासाठीं उघडलेल्या घरांत कित्येकदां आवाजाचेंच रक्षण झालें. पेर्गोलेसीसारखे थोर रचनाकार तेथूनच निघाले, हेंहि तितकेंच खरें. १७९५ सालीं पॅरिसला सरकारी संगीत विद्यालय स्थापन झालें तेव्हां त्यानें हेंच नांव घेतलें. अनाथांचा संबंध मात्र गळून पडला.

इंग्लंडांत जतन करावयाचीं होतीं तीं झाडें. संत्र्या-लिंबांना तेथील हिवाळा सोसत नाहीं. कांचेंतून ऊन आंत येतें, जमीन तापते आणि ऊबदार हवा आंतच कोंडून राहते. कांचेवरील कर १८४५ सालीं उठल्यावर ही चैन मध्यम वर्गाच्याहि आटोक्यांत आली. त्यापूर्वींच, १८४० सालीं, जोसेफ पॅक्स्टन याच्या देखरेखीखालीं चॅट्सवर्थ येथें एक अवाढव्य कांचगृह पुरें झालें होतें. तेथील अनुभव त्याला १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या कामीं आला. परंतु अशा घराला हिवाळ्यांत भट्ट्यांची ऊब लागे. पहिल्या महायुद्धांत कोळशाची टंचाई झाली, भट्ट्या थंडावल्या आणि झाडें मेलीं. १९२० सालीं तें कांचगृह पाडून टाकण्यांत आलें.

कांच शाबूत होती. ऊब तेवढी उरली नव्हती. मूल असो वा रोप, नुसत्या भिंतींनीं त्याचें जतन होत नाहीं, हाच या शब्दाच्या दोन्ही अर्थांचा समान धडा आहे.