मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळ : ओहोटीत कसे पाहावे, कसे ओळखावे?

खरिपाची सुगी आटोपली, रब्बीची पेरणी उरकली, की शिनोली, घोडेगाव, डिंभे या भागातून अनेक मंडळी जीप किंवा मिनीबस करून कोकण दर्शनाला निघतात. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करत मालवणला पोचायचे, सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, तारकर्लीच्या वाळूत पोरांना खेळू द्यायचे आणि मासळीचे जेवण करून परतायचे, असा साधारण बेत असतो. परंतु ज्या खडकांवरून आपण चालतो त्यांवर एक जिवंत पीक उभे असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ते पीक म्हणजे प्रवाळ.

प्रवाळ म्हटले, की आपल्याला मंगळाच्या अंगठीतले तांबडे पोवळे आठवते. ते पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या जातीपासून मिळते. मालवणच्या खडकांवर आढळतो तो दगडी प्रवाळ. तो दगडासारखा दिसत असला तरी दगड नव्हे आणि झाडासारखा वाढत असला तरी वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. काही मिलिमीटर आकाराचे, तोंडाभोवती बारीक सोंडा असणारे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन अंगाखाली चुन्याचे घर बांधत जातात.

या प्राण्याचे पोट कसे भरते, हे आपल्याला चटकन समजेल. हरभरा किंवा सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते पिकाला नत्र देतात आणि पीक त्यांना अन्न देते. प्रवाळाच्या पेशींतही अशीच अतिसूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळ त्यांना निवारा, कर्बवायू आणि आपल्या मलमूत्रातील नत्र पुरवतो. रात्री सोंडा पसरून तो पाण्यातील बारीक जीवही पकडतो, पण मुख्य शिदोरी शैवालाची. म्हणजे प्राणी असूनही त्याला ऊन लागते आणि ऊन पोचण्यासाठी पाणी नितळ लागते.

मालवणला प्रवाळ तुरळक का?

चित्रात पाहिलेले पांढऱ्या वाळूचे किनारे आणि रंगीबेरंगी प्रवाळ मनात ठेवून कोणी मालवणला गेले, तर त्याची थोडी निराशा होईल. लक्षद्वीपची बेटे मुळात प्रवाळाच्या चुन्याचीच बनलेली आहेत. तिथली वाळू म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा. त्यात पोपट माशाचाही हातभार असतो. हा मासा प्रवाळ कुरतडतो आणि चुना वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाकाठी काही क्विंटल वाळू तयार करतो! तारकर्ली, चिवला येथील वाळू तशी नाही. नद्यांनी आणि लाटांनी फोडलेल्या खडकांचे कण व शिंपल्यांचा चुरा यांची ती बनलेली आहे. ओंजळीत घेऊन निरखली, तर काचेसारखे चमकणारे गारगोटीचे कण आणि मधूनमधून काळे जड कण दिसतात.

भारतात प्रवाळाचे मोठे प्रदेश चार : कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. कोकण त्यात येत नाही, याचे कारण आपला पावसाळा. कोकणातील नद्या आखूड आणि उताराच्या. चार महिन्यांत त्या गोड्या पाण्याचा आणि तांबड्या मातीचा लोंढा समुद्रात ओततात. पाण्याची क्षारता घटते, गाळाने ऊन अडते आणि तोच गाळ प्रवाळावर बसतो. नुकत्याच उगवलेल्या रोपावर पुराचा चिखल बसला तर काय होते, ते आपण जाणतोच.

याची खूणगाठ पटवणारे उदाहरण समुद्रातच आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 कि.मी. अंतरावर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ राहते आणि प्रवाळही भरघोस आहे. समुद्र तोच आणि पावसाळाही तोच, परंतु माती नाही.

मालवणच्या खडकांवर जे प्रवाळ टिकले आहेत, ते दरवर्षी गाळ आणि गोडे पाणी सोसणारे काटक वाण म्हणायचे. तेथील प्रवाळांची शास्त्रीय नोंद 1979 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौ.कि.मी. आहे. त्यापैकी 3 चौ.कि.मी.हून थोडे अधिक गाभा क्षेत्र आहे. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण जाळे टाकण्यावर बंधने येतील ही भीती. 1985 च्या भीमाशंकर अभयारण्यालगत राहणाऱ्या आपल्या आदिवासी बांधवांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको. माझ्या मते, ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना बाजूला ठेवून कोणतेही अभयारण्य नीट चालत नाही.

पंचांग पाहून बेत आखा

प्रवाळ पाहायचा तर ओहोटी साधली पाहिजे. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले, की भरतीची वेळ मिळते आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोनला भरती, तर सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईकडे बरोबर बसतो. मालवणला वेळा थोड्या आधी येतात, म्हणून तेथील होडीवाल्याला विचारून खात्री करावी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया सर्वांत सोयीची. सकाळी पाणी चांगले ओसरते आणि ऊनही कोवळे असते.

मालवणचे रॉक गार्डन, दांडीचा किनारा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक ही पाहण्याची ठिकाणे. ओहोटी लागली, की खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. काठावर बसावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. आधी कालवे दिसतील, हिरवे शेवाळ दिसेल, मग स्पर्श होताच आक्रसणारी समुद्रफुले. त्यांच्याजवळ तपकिरी, हिरवट किंवा मोहरीच्या रंगाचा, कोबीच्या गड्ड्याएवढा किंवा त्याहून लहान गोळा दिसला आणि त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असली, तर तो प्रवाळ समजावा. अशा गोलसर जाती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. मुठीएवढा गोळा म्हणजे कित्येक वर्षांचे पीक आणि त्याच्यावर बुटाचा एक पाय पडला तर वरचा जिवंत थर चिरडतो. म्हणून कोरड्या, उघड्या खडकावरूनच चालावे.

एखादा गोळा पांढराफेक दिसला तर तो मेला असे लगेच समजू नये. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंशच वाढले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आतील शैवाले बाहेर टाकतो आणि त्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर शैवाले पुन्हा वस्तीला येतात, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपला याचा मोठा फटका बसला आणि 2024 मध्ये तो पुन्हा बसला. उपाशी जनावराला अंगावर घाव झाला तर ते लवकर सावरत नाही, तसेच येथे. गाळाने आणि पायदळीने आधीच त्रासलेला प्रवाळ उष्णतेतून उठेल याची आशा कमी.

प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला, वाहून आलेला असला तरी, घरी आणू नये. दगडी प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वाघाला आहे तेच. “त्याचा चुना शेतात टाकला तर?” असे काही जण विचारतात. कोकणातील आम्ल जमिनीला चुना उपयोगी पडतो हे खरे, पण त्यासाठी बाजारात कृषी चुना मिळतो. तालुक्याच्या पूर्वेकडील आपल्या काळ्या जमिनीत तर मुळातच चुनखडी जास्त. तिच्यामुळे लोह लागू होत नाही आणि भुईमूग, द्राक्षावर केवडा पडतो, मग आणखी चुना कशाला?

आता आपल्या मातीविषयी. शिनोलीच्या शिवारातून वाहून गेलेली माती मालवणला जात नाही. घोड नदी भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणे आहेत, बराच गाळ तिथेच बसतो आणि धरणाची साठवण घटते. मालवणच्या प्रवाळावर बसणारी माती गड आणि कर्ली नद्यांच्या खोऱ्यातली. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, वरकस जमिनीवर गवत हे उपाय तिथे आणि इथे सारखेच, आणि नत्राचे हप्ते पाडून देणेही. वाहून गेलेले नत्र खाडीत पोचले, की शेवाळ माजते आणि तणाने रोपे दाबावीत तसे प्रवाळाला दाबते.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद ठेवतात. पाण्यात उतरून प्रवाळ पाहायचा असल्यास परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जावे, जीवरक्षक जाकीट घालावे आणि होडीचा नांगर प्रवाळावर पडू नये असे आधीच सांगावे. देवबागला कर्लीच्या मुखाशी ओढ जबर असते, तिथे पोहायला उतरू नये. खडकांवर असताना ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात माघारी फिरावे. भरतीचे पाणी आधी मागच्या खळग्यांत भरते आणि वाट तिथूनच तुटते.