नाव कोण देते? : वेरूळच्या लेण्यांवरून एक विचार

शब्दाला अर्थ कोठून येतो? तो शब्दकोशातून येतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः कोशकार अर्थाची फक्त नोंद करतो. अर्थ घडतो तो पाणवठ्यावर, आठवडी बाजारात, शेताच्या बांधावर, एस. टी. च्या रांगेत, म्हणजे माणसे एकमेकांशी बोलतात, वागतात तेथे. ही गोष्ट समजून घेण्यास वेरूळच्या लेण्यांसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

वेरूळची ३४ लेणी सर्वांना परिचित आहेत. त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. हे क्रमांक अभ्यासकांनी सोयीसाठी दिलेले आहेत. त्यापूर्वी परिसरातील लोक लेणी नावांनी ओळखत. चार्ल्स मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने १७९४ मध्ये या लेण्यांची पाहणी केली, तेव्हा त्याने तेथील लोकांच्या तोंडची नावेच टिपून घेतली. विश्वकर्मा, दो ताल, तीन ताल, इंद्रसभा ही नावे आजही प्रचारात आहेत.

क्रमांक १० चे लेणे हे वेरूळमधील एकमेव चैत्यगृह. स्तूपासमोर भगवान बुद्धांची भव्य आसनस्थ मूर्ती आहे आणि छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी कमानी कोरलेल्या आहेत. परिसरातून बौद्ध संघ नाहीसा झाल्यावर ही मूर्ती कोणाची हे सांगणारे कोणी उरले नाही. लोकांनी छत पाहिले, त्यांना सुतारकाम आठवले, आणि लेणे ‘सुतार की झोपडी’ झाले. मूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार मंडळी पूजेला येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी केली आहे. दगड तोच राहिला. त्याभोवतीचे बोलणे बदलले, म्हणून अर्थ बदलला.

क्रमांक ११ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. तळमजला मातीखाली गाडला गेल्याने लोकांना दोनच मजले दिसत. म्हणून ‘दो ताल’. १८७६ मध्ये माती उपसल्यावर तिसरा मजला उघडा झाला. तरीही नाव ‘दो ताल’च राहिले! एकदा दहा माणसांच्या तोंडी बसलेले नाव खरे-खोटे पाहून सुटत नाही, ते वापराच्या बळावर टिकते.

अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हाच मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला. त्यांचे शिष्य हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये या विचाराला जे नाव दिले त्याला मराठीत ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ म्हणतात. शब्द अवघड असला तरी आशय सोपा आहे. वस्तूला आपण जो अर्थ देतो त्याप्रमाणे तिच्याशी वागतो. तो अर्थ इतरांशी होणाऱ्या व्यवहारातून मिळतो. आणि त्याच व्यवहारातून तो बदलतोही. मीड यांचे सहकारी जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू होते. माणसे नुसती शेजारी शेजारी राहिल्याने समाज बनत नाही, त्यासाठी परस्पर संपर्क आणि सामायिक व्यवहार लागतो, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विच्छेदन’ या ग्रंथात ठामपणे मांडला आहे.

आता क्रमांक ५ च्या लेण्याकडे वळू. या प्रशस्त सभागृहात जमिनीतूनच कोरलेले दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत. भिक्षूंनी ओळीने बसून पठण अथवा भोजन करावे यासाठी ते असावेत, असे अभ्यासक मानतात. या लेण्याला पडलेले नाव मात्र ‘महारवाडा’! जेथे भिक्षू एका पंगतीत बसत असावेत, त्या जागेला गावाने अशा वस्तीचे नाव दिले की जिच्यातल्या माणसाबरोबर गाव पंगतीला बसत नसे. हे नाव ठेवण्यासाठी कोणी सभा भरवली नाही. गावकुसाची जी रचना रोजच्या बोलण्यात मुरली होती, तीच लोकांनी डोंगरातही पाहिली.

परंतु व्यवहाराने लादलेला अर्थ व्यवहारानेच पालटता येतो. पूर्वी महारांनी ‘जोहार’ करावा अशी रूढी होती. त्या शब्दात लवून उभे राहणे गृहीत होते. १९३० च्या दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले असे मानले जाते. त्यामागे कायदा नव्हता, सक्ती नव्हती. एकाने ‘जय भीम’ म्हटले, दुसऱ्याने ताठ मानेने ‘जय भीम’ असेच उत्तर दिले. जोहार खालून वर जात असे. येथे दोघेही एकच शब्द उच्चारतात. लाखो वेळा झालेल्या या देवाणघेवाणीतून त्या दोन शब्दांत स्वाभिमानाचा अर्थ भरला गेला.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे; पण पाटी बदलणे हे अर्धेच काम. किराणा दुकानदार, रिक्षावाला, शाळेत हजेरी घेणारे गुरुजी आणि स्वतः वस्तीतील रहिवासी जेव्हा सहज नवे नाव उच्चारतील, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने नाव होईल. ‘दो ताल’ने हेच शिकवले आहे : माती उपसली तरी जुना शब्द आपोआप जात नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनी आपला पत्ता सांगताना, मित्राला हाक मारताना, कोणाची ओळख करून देताना शब्द जपून निवडावा. ही क्षुल्लक बाब नव्हे. असे साधे बोलणे म्हणजेच समाज घडण्याची जागा आहे, आणि तेथे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती छिन्नी आहे.